आत्याची लवंग आणि आमचा अर्ज

प्रिय आत्या,

जिंकलो! तीन-दोन! अगं, चपलासुद्धा काढल्या नाहीत मी, तशीच लिहायला बसले आहे. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "अच्छा, बढिया," आणि टीव्हीचा आवाज वाढवला. असल्या माणसाला हॉकीतलं काय सांगायचं? तू जाऊन तीन आठवडे झाले, तरी आजची मॅच तुलाच सांगावी लागणार.

आणि कोणी जिंकवली, सांगू? किरनने! हो, तुझ्या किरननेच!

तीच ती, जिच्यावरून आपलं भांडण झालं. आपल्या मुलींच्या टीमची जुनी सेंटर हाफ नोकरी लागून गेली आणि कोचसाहेबांनी ही एकोणीस वर्षांची पोर थेट मधोमध उभी केली. सगळा खेळ जिच्या काठीतून फिरायचा, तिच्याच काठीवरून बॉल निसटायचा. चार मॅचेस ओळीने हरलो. स्टँडमध्ये आपली रोज जुंपायची. सराफ्यातले गुप्ताजी म्हणायचे, "लडकी में दम ही नहीं है." बापटकाका म्हणायचे, कोच बदला. मी गुप्ताजींच्या बाजूची. आणि तू? तू तोंडात लवंग धरून गप्प!

किती चिडायचे मी त्या लवंगेवर! मॅच सुरू झाली की तू एक तोंडात टाकायचीस, ओरडायचं नाही म्हणून. हाफ टाइमला काढून एवढंच म्हणायचीस, "पोरगी बॉलकडे बघतच नाही गं. कोचकडे बघते. तो बाहेरून ओरडतो, तुम्ही वरून ओरडता. तिने ऐकायचं कुणाचं?" मग मलाही एक लवंग द्यायचीस. मी ती कधीच तोंडात धरली नाही.

आणि मग मी तो अर्ज लिहिला. आपल्या घराण्याची खोडच ती! पूर्वज दरबारात कारकुनी करायचे, त्यामुळे नळाला पाणी नाही, अर्ज लिही. शेजाऱ्याचा कुत्रा भुंकतो, अर्ज लिही. मीही लिहिला, झकास हिंदीत, "सविनय निवेदन है" पासून. किरनला टीममधून काढावं. सोळा सह्या घेतल्या. सतरावी तुझी हवी होती म्हणून कागद घेऊन तुझ्या हरिशंकरपुरमच्या घरी आले.

तू चष्मा लावून सगळा वाचलास. मला वाटलं, निदान भाषेचं कौतुक करशील! तू कागद परत दिलास आणि म्हणालीस, "हा फाड, मग माझ्याशी बोल."

मी फाडला नाही. फोनही केला नाही. म्हटलं, म्हातारीचा हट्ट, बघू कोण आधी बोलतंय. नवव्या दिवशी सकाळी तुझ्या सुनेचाच फोन आला. काय गं, इतकी कसली घाई होती तुला? आणखी एक मॅच थांबली असतीस तर?

तर आज. आज हरलो की तो अर्ज टीमच्या सेक्रेटरीच्या हातात द्यायचा, असं ठरलं होतं. गुप्ताजींनी आल्या आल्या विचारलं, "मंजूजी, अर्जी लाईं?" मी पर्समध्ये हात घातला, तर अर्जाच्या घडीत तुझी लवंग! शेवटच्या मॅचला दिलेली. काय वाटलं कोण जाणे, मी ती तोंडात टाकली आणि तुझ्या जागेवर जाऊन बसले.

आणि कोचसाहेबांचा घसाच बसलेला! कालच्या प्रॅक्टिसला इतके ओरडले म्हणे, की आज गळ्याला मफलर आणि आवाज शून्य. पहिली दहा मिनिटं किरन सारखी त्यांच्याकडे बघायची आणि ते कावळे हाकलल्यासारखे हात हलवायचे. कुणाला काही कळेना. दोन गोल खाल्ले आपण! मला ओरडावंसं वाटत होतं, शप्पथ, पण जिभेवर लवंग.

मग तिने बघणंच सोडलं. आत्या, काय खेळली गं! मान वर, बॉल काठीला चिकटलेला, डावीकडे पास, उजवीकडे पास. दोन-दोन झाले. शेवटच्या मिनिटाला समोरच्या टीमच्या दोघींच्या मधून असा काही बॉल काढून दिला की पुढच्या पोरीला नुसती काठी लावायची होती. गोल! बापटकाका रडले. आणि गुप्ताजी? "हमने तो पहले ही कहा था!" ऐकलंस?

मॅच संपल्यावर किरन कठड्याच्या जाळीशी आली. घामाने भिजलेली. तुझ्या जागेकडे बघून म्हणाली, "आंटी, वो अम्मा नहीं आईं? जो चिल्लाती नहीं थीं?"

मला माहीतच नव्हतं, ती तुला ओळखते ते! म्हणाली, "सब मुझे देखते थे. एक वही खेल देखती थीं. गलती होती तो मैं उधर देख लेती थी."

मी तिला सांगितलं, तू गेलीस म्हणून. तिने जाळीतून हात घालून माझा हात तेवढा धरला. मला फार लाज वाटली, आत्या. त्याच हाताने मी तो अर्ज लिहिला होता.

पुढच्या मॅचपासून मी तुझ्याच जागेवर बसणार. तोंडात लवंग धरून, हरलो तरी, चार मॅचेस हरलो तरी. गुप्ताजींनाही एक देईन, बघू किती वेळ टिकते!

आणि अर्ज फाडला. मैदानातच फाडला, सोळा सह्यांसकट. आता बोलू ना तुझ्याशी?

तुझी भांडखोर,
मंजू