गुळवेलीचा ओला तुकडा

२ फेब्रुवारी

आलो एकदाच्या! दोन बॅगा, एक गादी, एक कुकर आणि माझी खार. खार म्हणजे माझी सात वर्षांची लेक. एका जागी बसेल तर शपथ, आणि खाऊ उशीखाली लपवते, म्हणून हे नाव. घरात आम्ही दोघीच, त्यामुळे सामान लावायला वेळ लागला नाही.

नोकरी वैद्यबाईंच्या औषधशाळेत. खाली औषधं कुटायची खोली, मागे परसात वेली आणि वर जिन्याच्या टोकाला आमची खोली. खिडकी चांगली ऐसपैस आहे, परसाकडे उघडणारी. खारीने आल्या आल्या कठड्यावर मांडी ठोकली आणि ही माझी जागा म्हणून जाहीर केलं. मी म्हटलं, वा बाईसाहेब, राबणार मी आणि हवा तुम्ही खाणार!

ही नोकरी ताईने शोधून दिली. तिचं म्हणणं, पोरीला औषध तरी घरच्या घरी मिळेल. खारीचा ताप हिवाळ्याच्या आधीपासून पाठ सोडत नाहीये. रोज दुपारी चढतो, संध्याकाळी उतरतो. सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर हसून सांगतात की काहीच सापडत नाही, जणू पेढे वाटायचीच बातमी आहे. पोरीचा दंड माझ्या मुठीत मावायचा नाही, तो आता दोन बोटांत मावतो. तिचा ताप जाऊ दे, मग मी इथे आयुष्यभर खल घासायला तयार आहे.

४ फेब्रुवारी

दिवसभर गुळवेल, गुळवेल आणि गुळवेल. वरची कागदासारखी साल नखाने सोलायची, आत हिरवीगार. बोटाएवढे तुकडे करायचे. आडवा कापला की आत चाकासारखे आरे दिसतात. कुटणारे काका तुकडे ठेचतात, मी तो ठेचा पाण्यात कुस्करून गाळते. मग पातेल्याला रात्रभर धक्कासुद्धा लावायचा नाही. सकाळी वर पाणी आणि तळाशी पांढरा थर. तेच सत्त्व. वाळलं की तांदळाच्या पिठासारखं भुरभुरीत होतं. बादलीभर वेल आणि हाती येतं मूठभर! काढा मात्र असा कडूजहर की मी चाखला आणि जेवेपर्यंत तोंड वाकडं.

वैद्यबाईंनी दोन गोष्टी बजावल्या. वेल ज्यावर चढते त्याचा गुण घेते, म्हणून कडुनिंबावरची वेगळी ठेवायची. आणि ओला तुकडा कधीही टांगून ठेवायचा नाही. कुटायचा, नाहीतर उन्हात खडखडीत वाळवायचा. मातीतून तोडली तरी ही वेल मरत नाही, हवेत दोऱ्यासारखी मुळं सोडून आधार शोधत राहते. मी म्हटलं, माझ्यासारखीच चिवट दिसतेय. काका हसले. बाई नाही हसल्या.

परसाच्या कोपऱ्यात एक वेल निराळीच आहे. माझ्या कमरेएवढा गच्च हिरवा ढीग. जुन्या खुर्चीवर चढवली असावी, खाली खुर्चीचे चार पाय तेवढे दिसतात. तिला पाणी बाईच घालतात, तोडतातही त्याच, आणि तेसुद्धा शेंड्याचं. काका म्हणतात, आमच्याशी बोलतात त्याच्या दुप्पट त्या वेलीशी बोलतात.

९ फेब्रुवारी

ताप नाही! दुपार झाली, चार वाजले, मी दर थोड्या वेळाने वर पळतेय आणि कपाळ गारच. बाईंनी तिला खुर्चीवरच्या वेलीचा काढा द्यायला सुरुवात केली. पोरांच्या तापाला तीच लागू पडते, म्हणाल्या. खारीने नाक दाबून, मला शिव्या देत तो प्यायला. आत्ता ती जिन्यावरून धडाधड उड्या मारतेय. एरवी ओरडले असते. आज खाली बसून ऐकत राहिले आणि रडू आलं ते आवरेना.

१२ फेब्रुवारी

बाई भाचीच्या बाळंतपणासाठी परगावी गेल्या. जाताना खारीसाठी कडुनिंबावरच्या वेलीचा काढा देऊन गेल्या. खुर्चीवरच्या वेलीला मी येईपर्यंत हात लावू नकोस, म्हणाल्या.

दुपारी खारीचं अंग तव्यासारखं तापलं.

मग मी काय करणार होते? काका जेवायला गेल्यावर परसात गेले आणि हातभर लांब तुकडा तोडला. शेंड्याचा नाही, चांगला जून, आतला. रोज चोरून तोडायला नको आणि सुकायलाही नको, म्हणून पडद्याच्या हुकाला टांगून ठेवला, खारीच्या कठड्याच्या वर. रोज बोटभर कापून काढा करीन. बाईंचे नियम बाईंपाशी. माझी पोर माझ्यापाशी.

१७ फेब्रुवारी

ताप परत आलेला नाही. तुकड्याला दोन पानं फुटलीत, विड्याच्या पानाच्या आकाराची, आणि खाली बारीक दोरे लोंबतायत. खार त्यांना फुंकर मारून हलवते.

शहाणी झालीय माझी पोर. दिवसभर कठड्यावर बसून असते. खेळायला जा म्हटलं तर इथे ऊन छान लागतं म्हणते. इतके दिवस एका जागी बस म्हणून घसा कोरडा केला, आणि आता बसली तर चुटपुट लागलीय. आईचं मन म्हणजे कसलाच धरबंध नाही!

२० फेब्रुवारी

जेवली नाही. उशीखाली बिस्किटं तशीच, मुंग्या लागलेल्या. पाणी मात्र तांबेच्या तांबे पिते.

झोपताना तिचा पापा घेतला. ओठ कडू झाले. औषधाचा घाम असेल म्हणून ओल्या फडक्याने कपाळ पुसलं आणि पुन्हा घेतला.

कडूच.

२२ फेब्रुवारी

लिहिलं नाही तर मला वेड लागेल.

दुपारी खारीची वेणी घालत होते. केसांत दोरा दिसला. फ्रॉकचा असेल म्हणून ओढला. खार किंचाळली. केस बाजूला केले तर दोरा वरून, हुकावरून येत होता आणि तिच्या डोक्याच्या कातडीत शिरला होता. एक नाही. मानेवर, पाठीवर. उजव्या करंगळीत एक, नखाखालून आत गेलेला.

मी कात्री घेतली आणि करंगळीचा दोरा कापला. खार असं ओरडली की खालून काका धावत आले. त्यांनी दारातून पाहिलं, एक पाऊल मागे सरले आणि बाईंना फोन करायला गेले. आत नाही आले.

बोटातून वाहत होतं ते वाटीत धरलं. रक्त नव्हतं ते. गढूळ पाणी होतं.

२३ फेब्रुवारी

वाटी ओट्यावरच राहिली होती. सकाळी पाहिली.

वर पाणी. तळाशी पांढरा थर.

खारीची करंगळी वाळलीय. तपकिरी, कागदासारखी. दुखत नाही म्हणते. काहीच दुखत नाही म्हणते.

बाई आल्या. मला वाटलं ओरडतील. त्या खारीजवळ बसल्या, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. त्यांचा मुलगा आठ वर्षांचा होता. तापच. हाताशी असावा म्हणून त्यांनीही ओला तुकडा त्याच्या खुर्चीवर टांगला होता. पुढे त्यांनी कात्री चालवली, तर मुलाचा एक हात वाळून गळाला. जेवढी जून वेल तोडावी तेवढा मुलगा जातो, शेंडा तेवढा पुन्हा फुटतो. मग त्यांनी कात्री ठेवून दिली. मोठमोठे डॉक्टर आणले, तेही हात टेकून गेले. आता तो परसात आहे. खुर्चीसकट.

आणि मी माझ्या लेकीला कसला काढा पाजला — त्यांच्या मुलाचा —

जाताना म्हणाल्या की जागा चांगली मिळाली तिला, ऊन येतं. त्यांना ते खरंच चांगलं वाटत होतं. मी दार लावून घेतलं.

२४ फेब्रुवारी

खारीला उचलून खाली न्यायला गेले, तुकड्यासकट. कठड्यावरून उचलताच तिचा श्वास थांबला. ओठ पांढरे. परत ठेवली. श्वास आला. कठड्याच्या लाकडातही दोरे गेलेत.

एक लक्षात आलं. वेल तापाकडे वळते. तुकडा टांगला तेव्हा पोर तापलेली होती, म्हणून दोरे तिच्याकडे वळले. माझं अंग गार म्हणून मला शिवत नाही. मला ताप आला तर? मला धरील आणि तिला सोडील.

बाईंना दारातूनच विचारलं. म्हणाल्या, मीही ओल्या कपड्यांत बसले होते. मला कधी तापच आला नाही.

मला येईल. लहानपणापासून मला वाऱ्यानेही ताप भरतो.

२५ फेब्रुवारी

नळाखाली बसले. कपडे बदलले नाहीत. पुन्हा बसले.

खार विचारते, आई, तू का भिजलीस. म्हटलं, गंमत.

तिचा आवाज पानांमागून येतो आता.

खाली आजारी पोरं घेऊन आया बसल्यात. काका निरोप घेऊन आले, बाई विचारतायत, शेंड्याचं एखादं पान मिळेल का. मी पाट फेकून मारला.

२६

अंगात कसकस. दात वाजतायत. देवा, किती बरं वाटतंय!

कठड्यावर तिच्या शेजारी बसले. खांद्याला खांदा लावून. ये म्हटलं वेलीला. ये, बाई, ये.

२७ बहुतेक

आली. मनगटात. दुखलं नाही.

आणखी दोन, मानेत. ताप उतरला माझा. खरंच उतरतो.

खारीचे दोरे सुटतील आता. वाट बघतेय.

—

सुटले नाहीत.

वेल एक आधार सोडून दुसऱ्यावर जात नाही. दोन्ही धरते. एवढं साधं — रोज सोलत होते, एवढं साधं कसं नाही —

ताईचा फोन वाजतोय. टेबलावर. उठता येत नाही. ताई, तू येऊ नकोस. तुझी पोरं घेऊन तर —

—

ऊन छान लागतं.

खार बोलत नाही. हात शोधला तिचा पानांत. हा तिचा की माझा —

—

आत्ता कसंबसं वाकून तिच्या कपाळाला ओठ लावले.

कडू नाही! अजिबात कडू लागलं नाही! गेलं, उतरलं, माझी पोर पुन्हा —

आपलीच बोटं चाखली. तीही नाहीत कडू. बाजूचं पान चावलं. तेही —

म्हणजे माझी जीभच आता