अर्धं माप

प्रिय वहिनी,

आपण एकदाच भेटलोय, तरी प्रियच लिहिते. चार ओळी लिहायच्या म्हणजे मला घाम फुटतो, चुका पोटात घाला. मला झोप नाही. माझा डोळा लागला की आई बाबांच्या औषधाच्या बाटलीपाशी जाईल, म्हणून बाटली पोटाशी धरून वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसते. वेडी म्हणाल. पण आधी सगळं वाचा, मग म्हणा.

बाबांचं लिव्हर खराब झालंय. दवाखान्यात आहेत. दादाला कळवणार कसं, आमचा आवाज ऐकला की तो फोन कापतो. सिस्टरच्या फोनवरून लावला, तर नुसतं ‘दादा’ म्हटलं आणि कट. त्याचा राग मला कळतो. बाबा गॅरेजात चेपलेल्या गाड्या ठोकून सरळ करायचे आणि घरी येऊन आम्हाला. दादाच्या पाठीवर ती खोक आहे ना, ती पान्याची. तुम्हाला काहीतरी वेगळंच सांगितलं असेल त्याने. शेवटी एकदा त्याने बाबांचा उगारलेला हात धरला आणि पिरगाळला. हाड मोडलेलं मी कानांनी ऐकलं. आणि आईने घराबाहेर कुणाला काढलं? दादाला.

इथे डॉक्टरांनी पहिलं विचारलं, पितात का? आई म्हणाली, थेंब नाही. खरंच नाही. प्यायले असते तर दारूच्या नावाने खडे तरी फोडले असते. मग विचारलं, वागण्यात फरक कधीपासून पडला? फरक तर पडला होता, वहिनी. बाबा चांगले झाले होते.

दिवसा झोपायचे, उठले की हसायचे. शर्ट उलटा घालून कामाला निघाले, आईने सांगितलं, तर ‘बरं बाई’ म्हणून काढला. बरं बाई! आमच्या घरात! आईला विचारायचे, जेवलीस का गं. माझ्या छकुलीला पोटावर बसवून तोंडाने हॉर्न वाजवायचे. नवरा सोडून गेला तेव्हापासून मी माहेरीच राहते, पण माहेर म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. आई आरशासमोर उभी राहायला लागली. आम्हाला वाटलं, वय झालं, माणूस निवळला. आणि ते लिव्हरचं विष डोक्यात चढत होतं. मग एक दिवस गॅरेजातच पडले, हलवलं तरी उठेनात. डॉक्टर आईवर ओरडले, इतके दिवस काय बघत होतात? आई म्हणाली, सुखात होतो, साहेब.

औषध गोड आहे, पाकासारखं घट्ट. त्याने जुलाब होतात आणि विष बाहेर पडतं. दिवसातून तीनदा, पूर्ण माप. बाबा शुद्धीवर आले. आपले खरेखुरे बाबा. वॉर्डबॉयने, इथे त्याला मामा म्हणतात, त्यांना पुसलं, तर परक्या माणसाला हात का लावू दिलास म्हणून बाबांनी आईच्या तोंडावर पाण्याचा जग घातला. ओठ फाटला, दात तिच्याच हातात आला. तिघाचौघांनी दाबून त्यांचे हात कॉटला बांधले. मी सिस्टरला म्हटलं, हे आजारातलं नाही, हे असेच आहेत. ती म्हणाली, पेशंट चिडतातच, ताई, मनावर घेऊ नका.

जेवायला हात सोडले, तर छकुली तोंडाने हॉर्न वाजवत धावली आणि त्यांच्या पोटावर चढायला लागली. त्यांनी उलट्या हाताची अशी ठेवून दिली की पोर कॉटच्या लोखंडी दांडीवर आपटली. भुवईपाशी फाटलं, टाके पडले. आणि मी बाबांचा गळा धरला, वहिनी. दोन्ही हातांनी. त्यांचे डोळे वर गेलेले बघितले तरी सोडला नाही. सिस्टरने केसांना धरून मला मागे ओढलं. छकुली विचारते, आजोबा परत आजारी कधी पडणार?

तेच आईच्याही मनात आलं. काल तिने अर्धं औषध बेसिनमध्ये ओतलं. दुपारचं मीच ओतलं. तिने सांगितलं आणि मी ओतलं. संध्याकाळी बाबा आईचा हात हातात घेऊन पडले होते, हसत होते. आईचा तो सुजलेला ओठ आणि तीही हसत होती. म्हणाली, असंच देऊ घरी, कोण बघतंय. डॉक्टरांनी मला बजावलंय, औषध कमी पडलं तर झोपेल माणूस, परत उठणार नाही. मी आईला सांगितलं. ती म्हणाली, हसत तरी जातील. आईला मापाच्या रेघा दिसत नाहीत, म्हणून घरी औषध मीच द्यायचं, असं सिस्टरने ठरवून टाकलंय. परवा डिस्चार्ज आहे.

पूर्ण दिलं तर ते माझ्या पोरीला मारतील. अर्धं दिलं तर मी त्यांना मारलं. बाबांना त्यांचं पूर्ण औषध मिळालं पाहिजे, वहिनी, पण ते द्यायला मी आणि छकुली त्या घरात नको. आईही नको. मी निघ म्हटलं तर ती हलत नाही, म्हणते, मुलगा बोलवेल तर येईन. दादाने बाबांचं तोंडही बघू नये. त्याने दारात उभं राहून आईला नुसतं ‘चल’ म्हणावं आणि औषध द्यायला एखादा माणूस ठेवावा. ते बाबांशी भांडायला म्हणून बोलावत नाहीये मी त्याला. मला आज परत ते औषध ओतावंसं वाटलं, म्हणून बोलावतेय.

तुमचीच,
नणंद

शेजारच्या कॉटवरच्या पेशंटचा मुलगा तुमच्या गावाला चाललाय, त्याच्याकडे हे देते, तुमच्या शिलाईच्या कारखान्यात पोचवेल. वहिनी आज कामावर नसतील तर ज्याच्या हातात पडेल त्याने उघडून वाचलं तरी चालेल, मला लाज नाही. दादाचा नंबर मागच्या बाजूला लिहिलाय, माझ्या या भावाला फोन करा. माझं नाव आधी सांगू नका, तो कापेल. आधी सांगा, आई निघायला तयार आहे. कृपा करा, आजच करा.