तेवीस अंगठे

६ जानेवारी, सोमवार. सकाळी ७.१०
संकल्प: रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये ‘देशोदेशींची डिजिटल दरी’ या विषयावर व्याख्यान देणारच. ११४ देशांचे आकडे स्वतः जमवलेत, कुठलाही क्लास न लावता. इंटरनेट कुठे पोचतं, कुठे अडतं, याची कारणं चार: उत्पन्न, वीज, भाषा, साक्षरता. चौथं निर्णायक.

७ जानेवारी
सेक्रेटरी अंबादास म्हणतो, वीस डोकी आण, नाहीतर हॉल सुंदराबाईला. तिचा विषय ‘माझा मोबाईल’! सुंदराबाई म्हणजे दहिसर गावठाणातली आमची मासळीवाली. अक्षरओळख नाही. अंगठेबहाद्दर. तिच्या ग्रुपवर मेंबर २१२. माझ्या ‘विचारमंथन’वर नऊ, त्यात मी दोनदा (नंबर दोन आहेत). मत्सर नाही. नोंद फक्त.

८ जानेवारी. दुपारी
बायकोच्या, कुंदाच्या फोनवर सुंदराबाईचा ग्रुप तपासला. बाई फोटो टाकते, वर व्हॉइस मेसेजमध्ये ओरडते, ‘ताजी मांदेली हाय गो!’ खाली नुसते अंगठे. एक पूर्ण वाक्य नाही. कुंदा म्हणाली, तुमची चार कारणं तिला कुणी कळवली नाहीत वाटतं. दुर्लक्ष केलं.

१० जानेवारी. १०.२०
कुंदाच्या फोनवरून त्याच ग्रुपवर पोस्टर टाकायला गेलो. ११ एमबी. चढेना. मग नुसतं लिहिलं, ‘रविवारी सहाला हॉलमध्ये. येणाऱ्यांनी अंगठा द्यावा.’
१०.२९. तेवीस अंगठे! नऊ मिनिटांत!!

११ जानेवारी
खुर्च्या पंचवीस सांगितल्या. जिन्यापाशी सुंदराबाई म्हणाली, भाऊ, तुमचं लिवलेलं फोननं वाचून दाखवलं, लई ब्येस झालं, एकदम तेवीस! जळफळाट लपवत असावी. (फोन वाचतो? माझ्या टिपणांत नाही.)

१२ जानेवारी, रविवार
६.००. तेवीसच्या तेवीस हजर. प्रत्येकाकडे पिशवी. वह्यांसाठी असावी.
६.०४. सुंदराबाई. डोक्यावर पाटी. माझी ओळ नेमकी तिच्या पापलेटच्या फोटोखाली पडली होती. तिच्या ग्रुपवर अंगठा म्हणजे ‘माझा वाटा ठेव’.
६.११. वाटे पिशव्यांत, हॉल रिकामा. सुंदराबाई रिकामी पाटी घेऊन पहिल्या रांगेत बसली. म्हणाली, बोला भाऊ, तुमच्यामुळं दारोदारचे जिने वाचले. तीन कारणं सांगितली. चौथं वेळेअभावी गाळलं.

१३ जानेवारी
अंबादासने वहीत लिहिलं, ‘उपस्थिती उत्तम. पुढच्या रविवारी सुंदराबाई.’ वेलांट्या मी दुरुस्त केल्या.
दुपारी १२.४०. ग्रुपवर बोंबलांचा फोटो. पूर्ण विचारांती अंगठा दिला. स्वतःच्या नंबरवरून.
मेंबर आता २१३.