भावाच्या कपाटातली कुलूपबंद प्रत

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली तंत्रज्ञ, डोके ठिकाणावर असताना आणि कुणीही मागे लागलेले नसताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. कालच डॉक्टरांनी माझे हृदय तपासले. डोके तपासायची त्यांना गरज वाटली नाही, हा पुरावा पुरेसा समजावा.

१. दोन खोल्यांचे हे घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला, द्यावी. ती दहा वर्षांची असताना तिने विचारले होते, "आत्या, आपले फोटो नक्की राहतात कुठे?" उत्तर शोधता शोधता मी घरातच सर्व्हर मांडून बसले. निवृत्तीनंतर हात रिकामे राहिले नाहीत ते तिच्यामुळे. तिचे आभार.

२. सर्व्हर म्हणजे माळ्याखालच्या फळीवरचा जुना संगणक. घरच्यांचे फोटो, कागदपत्रे, पत्ते त्यात आहेत. तोही भाचीला. दर रविवारी अपडेट करावेत. त्याचे दार थेट इंटरनेटवर उघडू नये. वापरात नसलेले खाते त्याच दिवशी काढून टाकावे. का, ते कलम चारमध्ये येईल. महिन्यातून एकदा बॅकअपमधली एखादी फाईल परत उतरवून उघडून पाहावी. दुसऱ्यावर विसंबला त्याचा कार्यभाग बुडाला म्हणतात. यंत्रावर विसंबला त्याचाही बुडतो. हा व्याप नको असेल, तर ज्याचे त्याला देऊन, डिस्क पुसून, खुशाल बंद करावा. मला राग येणार नाही. येऊन तरी मी करणार काय?

३. पक्कड, टेस्टर आणि सोल्डरिंगचे सामान एक्स्चेंजमधल्या माझ्या जोडीदारणीला द्यावे. तिच्याशिवाय मी पहिल्याच वर्षी नोकरी सोडली असती. शिडी आमच्या जुन्या साहेबांना द्यावी. "बाईमाणसाला खांबावर चढणं जमायचं नाही," असे ते म्हणाले होते. सोबत निरोप नको, शिडी पुरे.

४. आता भाऊ, म्हणजे भाचीचा बाप. तो घरांचे नकाशे काढतो. एक रेघ दहादा पुसतो म्हणून त्याला आम्ही खोडरबर म्हणतो. त्याचे नकाशे माझ्या सर्व्हरवर असायचे. अकरा वर्षांपूर्वी कुणी चोर इंटरनेटवरून आत शिरला आणि नकाशे नासवून गेला. मी त्याच्या गिऱ्हाइकासमोर म्हणाले, "तूच पासवर्ड कुणाला तरी दिला असशील." गिऱ्हाईक उठून गेले. खोडरबर त्यानंतर पुन्हा माझ्याकडे आला नाही.

आठ दिवसांनी सर्व्हरच्या नोंदी तपासल्या. चोर माझ्याच दारातून आला होता. मी चाचणीसाठी एक खाते उघडले होते, त्याचा पासवर्डही 'चाचणी' असाच ठेवला होता आणि ते काढायला विसरले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी. कळल्यावरही तोंड उघडले नाही. मला लाज वाटत होती.

५. भांडणाच्या आधी मी बॅकअपचा एक छोटा डबा त्याच्या कपाटात ठेवला होता. माझ्या सर्व्हरची प्रत रोज तिथे जाते, कुलूपबंद. किल्ली, म्हणजे एक लांबलचक पासवर्ड, फक्त माझ्याकडे. (तेव्हा त्यात एकच प्रत राहायची, म्हणून चोराने नासवलेले नकाशेच चांगल्या नकाशांवर चढले.) भांडणानंतर त्याने डबा उपटून फेकला असता तरी मी काय म्हणणार होते? तीन वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावरचा नळ फुटला. माझ्या दोन्ही डिस्क एकाच फळीवर, दोन्ही भिजल्या. शहाण्या बाईचे शहाणपण! नवी डिस्क घालून, घरूनच, भीत भीत त्याच्या डब्याशी जोडले. त्यात त्याच सकाळची प्रत होती. सगळे परत यायला चार दिवस लागले. दुसऱ्या दिवशी भावजयीचा फोन आला, "ताई, डबा फार तापलाय. ह्यांनी टेबलफॅन लावून ठेवलाय, काळजी करू नका." मी फोन ठेवून रडले. त्या पंख्याचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

६. दरवर्षी मी त्याला खरे काय ते सांगणारे पत्र लिहिले आणि सर्व्हरवर ठेवले. म्हणजे अशी दहा पत्रे त्याच्याच कपाटात आहेत आणि त्याला ती वाचता येत नाहीत. माझ्या पश्चात किल्ली त्याला द्यावी.

इथवर साक्षीदारांना वाचून दाखवले. त्यातले कंपाउंडर चष्मा पुसत म्हणाले, "बाई, हे मेल्यावर सांगणार? मग त्यांनी भांडायचं कुणाशी?"

दुसऱ्या साक्षीदार शिंपीणबाईंनी फोन माझ्या हातात दिला. मी खोडरबरला सगळे एका दमात सांगितले. मग तो म्हणाला, "दहा पत्रं लिहिलीस आणि एक फोन करवला नाही तुला? मला नको ती किल्ली. उद्या घरी ये आणि तोंडाने सांग."

सबब कलम ६ रद्द. उद्या सकाळी दहा वाजता मी त्याच्याकडे जाणार आहे. त्याआधी माझे काही बरेवाईट झालेच, तर कलम ६ पुन्हा लागू समजावे.

हे सर्व मी वाचून, समजून, खाडाखोडीसह मान्य केले आहे.

सही: ताई
साक्षीदार: १. कंपाउंडर, तळमजला २. शिंपीणबाई, समोरचे दार (दोघांनाही यातून काही मिळणार नाही, म्हणूनच बोलावले.)
ठिकाण: माझे स्वयंपाकघर
दिनांक: १४, बुधवार, दुपारचे चार