दहापैकी तीन गुणांचा निरोप

लिमा, ओहायो
बुधवार, १२ ऑक्टोबर २०११

प्रिय वेंडेल यास,

नॉर्बर्टचा दुरून नमस्कार. (जवळून करायची संधी होती, ती आपण दोघांनी मिळून वाया घालवली. त्याबद्दल पुढे लिहितो.) तुझी तब्येत उत्तम असेल, नवा खुबा कुरकुरत नसेल आणि लेक जोलीन तुला वेळेवर खायला घालत असेल अशी आशा आहे. ॲरिझोनात ऑक्टोबरातही माणसं घामाने निथळतात असं ऐकतो. तुझ्या बेसबॉलच्या कार्डांचे खोके भिंतीला लागून ठेवू नकोस. तापलेल्या भिंतीपाशी पुठ्ठा वाकतो. तू वाकलास तर जोलीन डॉक्टर आणेल, कार्ड वाकलं तर कोण आणणार? आमची आर्डिस मजेत आहे. माझे गुडघे कसे आहेत हे तू विचारलं नाहीस, पण ते तसेच आहेत.

पत्रास कारण की, टीव्हीच्या वर भिंतीवर तू जी प्लॅस्टिकची पेटी टांगली आहेस ती फोड. फोनवर हे मी तुला तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा तू हसलास. म्हणून आता शाईने लिहितो. पेटीतल्या निरोपपत्राच्या आत मी तुझ्यासाठी एक पानभर मजकूर लिहिलाय. आयुष्यात एवढं लांब मी फक्त इन्कम टॅक्सवाल्यांना लिहिलं होतं, आणि तेही इतक्या खरेपणाने नव्हे. ते तू वाचावंस एवढीच माझी इच्छा. पण ते वाचायचं तर सील तोडायला हवं, आणि तू पडलास आपल्या कार्डं जमवणाऱ्यांच्या क्लबाचा माणूस. तू एक वेळ चर्चची खिडकी फोडशील, पण सील तोडणार नाहीस.

हे सगळं कसं घडलं ते तुला नीट माहीत नाही, कारण तू जोलीनकडे कायमचा राहायला निघालास म्हणून दिलेल्या निरोपाच्या जेवणात तू बहुतेक वेळ केकजवळ उभा होतास. तो केक आठव. आर्डिसने दोन दिवस खपून हुबेहूब बेसबॉलच्या कार्डासारखा केला होता, मधे साखरेचा तू, डोक्यावर टोपी, हातात बॅट. (तू जन्मात बॅट धरली नाहीस, पण ते राहू दे.) चूक एवढीच झाली की तिने चारही कोपरे काटकोनात कापले, आणि आपल्यात कार्डाची किंमत कोपऱ्यांवरच ठरते. बावीस माणसं चर्चच्या तळघरात ताटल्या घेऊन उभी, आणि सुरी कोणी लावेना. आपला अध्यक्ष लॉइड भिंग घेऊन केकभोवती दोन प्रदक्षिणा घालून आला आणि म्हणाला, "असे कोपरे मी एकोणीसशे बावन्ननंतर पाहिले नाहीत. खबरदार कोणी हात लावाल तर!" मग कोणीतरी त्यावर प्लॅस्टिक पांघरलं. तास गेला, दीड तास गेला. हॅमचे तुकडे संपले, शेवयांचं पातेलं खरवडून झालं, माणसं केककडे बघत कॉफीवर कॉफी पीत राहिली. आर्डिस स्वयंपाकघरात जाऊन रडली की हसली ते अजून सांगत नाही. शेवटी तू खुर्चीवरून उठताना तोल जाऊन कोपर टेकलंस ते नेमकं वरच्या उजव्या कोपऱ्यावर. मग लॉइड म्हणाला, "गेला! आता खा मेल्यांनो," आणि चार मिनिटांत फक्त पुठ्ठा उरला.

त्या गडबडीत मला माझ्या निरोपपत्राची काळजी लागली. सगळ्यांच्या सह्या बाहेरच्या बाजूला घेऊन झाल्या होत्या आणि आतला मजकूर मी घरूनच लिहून, कडा चिकटपट्टीने बंद करून आणला होता. जेवणाच्या टेबलावर ते पडलं होतं आणि बाजूला ग्रेव्हीचं भांडं हिंदकळत होतं. (एक थेंब उडालाच.) मी ते उचलून लॉइडकडे दिलं आणि म्हणालो, "लॉइड, हे जरा सांभाळ रे, वेंडेल निघेपर्यंत." लॉइडबद्दल एवढं तुला मी सांगायला नको की त्याने तीस वर्षं सरकारी नोकरीत डुकराच्या मांसावर शिक्के मारले, आणि निवृत्त झाल्यापासून ज्या वस्तूवर शिक्का नाही ती वस्तू त्याला वस्तूच वाटत नाही. 'सांभाळ' म्हटल्यावर दुसरा माणूस ते कोटाच्या खिशात ठेवता. लॉइडने पांढरे सुती हातमोजे चढवले, ते घरी नेलं, आणि सोमवारी सकाळी कार्डांना गुण देऊन सीलबंद करणाऱ्या कंपनीकडे विम्यासकट रवाना केलं.

तू रविवारीच निघालास. निघताना आपण काय केलं ते मी रोज आठवतो. जोलीनने गाडी सुरू केली होती. तू दारापाशी उभा, मी तुझ्या पुढ्यात उभा. चाळीस वर्षांची दोस्ती, माणसाने मिठी मारायला हरकत नव्हती. पण आपल्या लोकांच्या शर्टाच्या खिशात कायम एखादं कार्ड असतं. मिठी मारली की कोपरे गेले! आपल्या क्लबात मी लग्नाला, बारशाला, मयताला एकालाही दुसऱ्याला पोटाशी धरताना पाहिलेलं नाही. तुझ्या लॉरेट्टाच्या अंत्यविधीलासुद्धा आम्ही सगळे रांगेने तुझ्याजवळ येऊन हातभर अंतरावरून मान हलवून गेलो. तसंच आपण केलं. तू खिशावर हात ठेवलास, मी खिशावर हात ठेवला, आणि तू म्हणालास, "बरंय मग." मी म्हणालो, "बरंय." गाडी कोपऱ्यावरून वळली तेव्हा मी खिशात पाहिलं, तर त्यात एका अशा कॅचरचं कार्ड होतं ज्याला त्याच्या आईनेही विकत घेतलं नसतं. त्याच्यासाठी मी तुला हातभर लांब ठेवलं! मला स्वतःची लाज वाटली, वेंडेल.

सप्टेंबरात पेटी आली. लॉइडने क्लबाच्या सभेत ती मखमलीवर ठेवून लेबल मोठ्याने वाचलं: "शुभेच्छापत्र, छापणारा अज्ञात. कोपरे मऊ. समोर बावीस जणांचं पेनाने लिखाण. खालच्या कडेला तपकिरी डाग. आतून जाड. गुण तीन." तीन गुण ऐकून सभेत संताप उसळला. आत काय लिहिलंय, ते वेंडेलला कसं वाचता येईल, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही! लॉइडने फेरतपासणीचा अर्ज केला, त्यासोबत डाग ग्रेव्हीचा असून तो 'मूळ प्रसंगाशी समकालीन' असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडलं. उत्तर आलं, गुण तीनच. मग त्याने ती पेटी हताश होऊन तुला पाठवली, आणि तू मला फोन केलास.

तुझा तो फोन मला अक्षरशः पाठ आहे. "नॉर्बर्ट, लेका, जगात असं दुसरं नाही! एकच प्रत!" मी विचारलं, "आतलं वाचलंस का?" तू म्हणालास, "आतलं? सील तोडून? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" मी म्हणालो की मी स्वतः लिहिलंय ते. त्यावर तू म्हणालास, "मग तर किंमत आणखी वाढली."

नाइलाजाने मी जोलीनला गुपचूप फोन लावला, की तू अंघोळीला गेलास की तिने हळूच ती फोडावी. ती म्हणाली, "नॉर्बर्टकाका, माझ्याच्याने व्हायचं नाही. सात वर्षांची असताना मी बाबांचं एक कार्ड सायकलच्या चाकात फडफडायला लावलं होतं. बाबा अजून दर थँक्सगिव्हिंगला टर्की कापताना तो विषय काढतात. पुढच्या टर्कीला मी नवा विषय देणार नाही."

तेव्हा फोडायचं तुलाच, आणि ते कसं हेही सांगतो, कारण मी प्रयोग करून पाहिला. त्या कॅचरला मी मुद्दाम सीलबंद करून घेतलं. (त्याला नऊ गुण मिळाले! जगात न्याय नाही.) मग गॅरेजात हातोडा घेऊन बसलो. पहिला घाव माझ्या अंगठ्यावर पडला, दुसरा घालायची हिंमत होईना. क्लबाचं कोणी बघत नाही ना म्हणून तीनदा दाराकडे पाहिलं. हातोड्याने होत नाही. बारीक दातांची करवत घे आणि कडेने सावकाश कापत जा. डोळे मिटून घेतलेस तर कमी त्रास होतो, पण मग अंगठा जातो.

वेंडेल, तुझ्याशिवाय शनिवार जात नाही. सकाळी सात वाजता मी कोट घालून दारात उभा राहतो, मग आठवतं की तू येणार नाहीस, तरी जातो. गेल्या शनिवारी फाइंडलेच्या अग्निशामक केंद्रातल्या बाजारात गेलो, तर सगळे विक्रेते विचारतात, "दुसरे कुठे आहेत?" सवयीने मी प्रत्येकाला विचारत गेलो, "तीनशे सतरा नंबर आहे का, एकोणीसशे सत्तावन्नचा, क्लेटस वॉर्नी?" प्रत्येकाने मान हलवली. आपल्या दोघांच्या संचांत नसलेलं ते एकच कार्ड आपण एकतीस वर्षं शोधतोय. फोटो काढताना डोळे मिटलेला दुसऱ्या बेसवरचा खेळाडू! कंपनीला लाज वाटली, छपाई थांबवली, आणि आपल्या दोघांच्या आयुष्यातले सगळे शनिवार त्या माणसाच्या एका शिंकेपायी गेले.

तर पेटी फोड. हात जोडून सांगतो. जोलीनला आशीर्वाद, खुब्याला सबुरीचा सल्ला.

तुझाच,
नॉर्बर्ट

ता. क. १: पेटी तू फोडणार नाहीस हे मला दिसतंय. तेव्हा आतलं इथेच सांगून टाकतो. त्या निरोपपत्रात क्लेटस वॉर्नी आहे. नंबर तीनशे सतरा. 'आतून जाड' लिहिलंय तो हाच. तो मला १९८६ साली एका म्हाताऱ्या बाईंच्या अडगळीतल्या पाकिटात सापडला, आणि पंचवीस वर्षं तो माझ्या मोज्यांच्या खणात होता. त्याच्या आदल्या वर्षी लॉरेट्टा गेली होती. तू शनिवारी सकाळी माझ्या दारात येऊन उभा राहायचास, दाढी न केलेला, आणि म्हणायचास, "चल, वॉर्नीला शोधू." आठवड्यात तेवढाच एक दिवस तू घराबाहेर पडायचास. मला वाटलं, वॉर्नी मिळाला की तू यायचा थांबशील. आधी तुझ्यासाठी लपवला, हे खरं. पुढे माझ्याचसाठी लपवला, हेही खरं. तुला माझा राग आला तर तो रास्त आहे. मला माफ कर.

ता. क. २ (गुरुवार): वरचं लिहून पत्र टपालात टाकणार, तोच जोलीनचा फोन आला की तुझ्या इथल्या जुन्या घराचं गॅरेज आवरायचं मी कबूल केलं होतं ते कधी आवरणार. म्हणून तुझ्या घरी गेलो. तुझा मासे पकडायच्या गळांचा डबा उघडला. (आठवतं ना, मी मागितला की नेहमी म्हणायचास, "गळ गंजलेत, हात कापेल"?) गळ ठणठणीत आहेत. त्यांच्याखाली मेणकागदात क्लेटस वॉर्नी आहे, डोळे मिटलेला. आणि कोणतं कार्ड कुठे मिळालं याची चिठ्ठी जोडायची आपल्या सगळ्यांना खोड, ती तुझ्या हस्ताक्षरात सोबत आहे. जशीच्या तशी उतरवतो: "फोर्ट वेन, शनिवार ९ एप्रिल १९८८. नॉर्बर्ट हॉट डॉग आणायला गेला असताना मिळालं. त्याला सांगायचं नाही. सांगितलं तर पुढच्या शनिवारी काय?"

मी तुझ्या गॅरेजात उलट्या बादलीवर तासभर बसलो होतो. तेवीस वर्षं, वेंडेल! दोन घोडे दोन वॉर्नी घरी ठेवून इंडियानापर्यंत तिसरा शोधत हिंडले, बर्फात, एकदा तर तुला ताप असताना. माझी माफी मी मागे घेतो. निदान अर्धी.

ता. क. ३: पेटी फोडू नकोस. खबरदार. माझा वॉर्नी तुझ्या भिंतीवर सीलबंद आहे आणि तुझा वॉर्नी माझ्या हातात आहे, म्हणजे आजघडीला दोघांचेही संच अपुरे. तुझं कार्ड टपालाने पाठवणार नाही, टपालात कोपरे मोडतात. स्वतः घेऊन येतो. २२ तारखेचं विमान आहे, शनिवार, सकाळी पोचतो. तुमच्याकडे शनिवारचा बाजार कुठे भरतो ते चौकशी करून ठेव. १९६१ सालच्या संचात मला एकशे ब्याऐंशी नंबर मिळत नाही, आणि तो तुझ्याकडे असला तरी मला सांगू नकोस.

वॉर्नी बॅगेत असेल, पुठ्ठ्यात नीट बांधून. शर्टाचा खिसा रिकामा ठेवून येतोय. तूही ठेव.