दोन अ‍ॅम्प्लिफायर आणि झाकरीचं रिंगण

गुरुजी, माझ्या नातीला जुना अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा आहे. व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेला, चालू केल्यावर थोडा वेळ गप्प बसून मग बोलायला लागणारा. दोन तिच्या मनात भरलेत. काल दोघांचे फोटो घेऊन ती माझ्या खुर्चीशी येऊन बसली आणि अर्ध्या क्रिओलमध्ये, अर्ध्या मराठीत म्हणाली, "आजा, गेते, बघ तरी. हा आवाजाने गोड आहे, पण लहान. हा मोठा, कुठेही चालेल, पण जरा कोरडा. कुठला घेऊ?" मी म्हटलं, "आधी हे सांग, त्याच्या भोवती उभं कोण राहणार?" ती हसली. तिला वाटलं म्हातारा पुन्हा कवितेत शिरला. ती गेली, आणि तेव्हापासून तुम्ही माझ्या शेजारी येऊन बसला आहात. आज पहाटे उठून कागद ओढला. मराठीत लिहायची सवय मोडली आहे, वेलांट्या चुकतील. चुकल्या तर तुमच्या पद्धतीने कपाळाला हात लावा आणि पुढे वाचा.

बों अक्योय गावातल्या आपल्या बैठकेचा, म्हणजे त्या संध्याकाळच्या शाळेचा, पत्रा मला अजून दिसतो. दिवसा तुम्ही साखरेच्या मिलमध्ये उसाच्या गाड्या वजन करायच्या काट्यावर, आणि संध्याकाळी अंगाला मळीचा वास घेऊनच आमच्यापुढे उभे. क्रिओल बोलणाऱ्या, भोजपुरी शिव्या देणाऱ्या आम्हां पोरांना तुम्ही मराठी वाचायला लावलंत, आणि तेही कवितेवरून. कविता बसून पाठ करायची नाही, ती चालायची, असा तुमचा दंडक. आम्ही ओळीने अंगणात फिरतोय, प्रत्येक आघाताला पाय पडतोय, आणि ज्याचा पाय चुकला त्याची ओळ चुकली. ऊस फुलला की तुरे वाऱ्यावर एका बाजूला झुकायचे. मला तेव्हा मनापासून वाटायचं की तेही तुमच्या वर्गातले आहेत. पुढे मी गिटारच्या नादी लागलो, शनिवारी सांत्र द फ्लाकला बालमध्ये, म्हणजे तिथल्या नाचाच्या कार्यक्रमांत, सेगा, म्हणजे इथलं क्रिओल नाचगाणं, आणि वाल्ट्झ वाजवू लागलो. एकदा ती गिटार घेऊन तसाच बैठकेत आलो. तुम्ही दोन तारा ऐकल्यात आणि म्हणालात, "भुकेली मांजर आहे रे ही. आधी हिला दूध पाज, मग वर्गात आण." सगळी बैठक हसली. मीही हसलो, पण घरी जाताना रस्ताभर गाल तापलेले होते.

आणि गणपतीत तुम्ही झाकरी उभी करायचात. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांना काय सांगावं? मधोमध गाणारा आणि ढोलकीवाला, भोवती बायाबापड्यांचं रिंगण, पायांत घुंगरू. वाकायचं, उठायचं, टाळी द्यायची, आणि गाणाऱ्याच्या शब्दावर पुढचं पाऊल टाकायचं. शब्द ऐकू आला नाही तर पाऊल कुठलं टाकणार? आपल्या आज्यापणज्यांनी कोकणातून बोटीतून ह्या बेटावर येताना ट्रंका आणल्या नव्हत्या, हे रिंगण आणलं होतं, असं तुम्ही म्हणायचात. तुमचा आवाज असा की काठावर नारळ सोलत बसलेल्या म्हातारीलाही कडवं कळायचं.

मग ते वर्ष आलं, आपल्या बेटाच्या स्वातंत्र्याच्या थोडं अलीकडचं. तुमच्या घशाचं दुखणं झालं, डॉक्टरने जीव वाचवला पण आवाज काढून घेतला. उरला तो सुकलेल्या पाचोळ्यावरून चालल्यासारखा, खोलीच्या पलीकडे न पोचणारा. तुमच्या स्वयंपाकघरात मी पाटावर बसलो आहे, काकी व्हॅनिलाचा चहा गाळताहेत, तव्यावर डाळ भरलेली धोलपुरी फुगते आहे. मंडळाचे अध्यक्ष आदल्या दिवशी येऊन सांगून गेले होते, यंदा इंडियाच्या रेकॉर्डी आणू, कर्ण्यावर लावू, लोक त्यावर नाचतील, तुम्ही फक्त खुर्चीवर बसा. काकींनी ते मला सांगितलं तेव्हा तुम्ही भिंतीकडे बघत होतात. "रेकॉर्ड थांबत नाही," तुम्ही घोगऱ्या कुजबुजीत म्हणालात. "एखादीचा पाय अडला तर मी ओळ पुन्हा घेतो. रेकॉर्ड घेणार आहे काय? दोन वर्षांत लोक पाय विसरतील." आणि भिंतीकडे बघतच, "बसेन खुर्चीवर. नारळासारखा."

मी तेव्हा पहिल्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी पैसे जमवत होतो. तोंडातून निघून गेलं, "गुरुजी, मी असा घेतो की ज्यात गिटारही वाजेल आणि तुमचा माइकही लागेल."

"माझा घसा आणि तुझी मांजर? एका पेटीत?"

"हो."

"चावेल ती मला," तुम्ही म्हणालात, आणि त्या आजारानंतर पहिल्यांदा हसलात. काकींनी उलथनं तसंच हातात धरून माझ्याकडे पाहिलं. ते बघणं मला पुढचे कित्येक दिवस झोपू देईना.

सांत्र द फ्लाकच्या बाजारामागे रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. तिथे दोन अ‍ॅम्प्लिफायर होते. एक उंच, काळा, चारी बाजूंनी बंद, कुठल्याशा मोडलेल्या वाद्यवृंदाचा. दुसरा लहान, कापडाने मढवलेला, मायदेशी परतणाऱ्या इंग्रज खलाशाने टाकून दिलेला, आणि त्याची पाठ उघडी, आतल्या नळ्या नारिंगी उजळलेल्या दिसायच्या. मी दोन्हींवर तीच तान वाजवली. मोठ्यातून सूर स्वच्छ यायचे, शिस्तीत, पांढरा सदरा घालून शाळेत निघालेल्या पोरांसारखे. कितीही जोरात करा, सदरा मळायचा नाही. लहानाचं वेगळं. हळू वाजवलं तर मधासारखा, आणि जोर केला की सुराच्या कडा भाजायला लागायच्या, रडता रडता गाणाऱ्या बाईसारखा. माझा जीव लहानावर जडला. पण आमच्या वाद्यवृंदातला ड्रमवाला, फ्लाकचाच क्रिओल मित्र, त्याने मोठ्याच्या पाठीवर थाप मारली. "सा मेम, मों फ्रेर! हाच, भावा. ह्याच्यावर पोर्ट लुईचे हॉल भरतील. तो दुसरा तुझ्या आजीच्या उशाशी ठेव." आणि मलाही पटलं, कारण तुमच्या पाचोळ्यासारख्या आवाजाला जोर हवा होता. दुकानदार भला माणूस. म्हणाला, दोन्ही रविवारपुरते न्या, एक ठेवा, एक परत आणा. बसच्या टपावर कोबीच्या गोण्यांमध्ये दोन्ही बांधून आम्ही गावात आणले.

रविवारची दुपार. बैठकेच्या अंगणात मोठा मधोमध मांडलेला, तुमच्या हातात माइक, भोवती रिंगण. त्यात माझी आयेसुद्धा, पदर खोचून. अध्यक्ष पायरीवर हाताची घडी घालून उभे. तुम्ही पहिली ओळ घेतलीत आणि आवाज असा उमटला की अंगणातली कुत्री उठून बसली. मला वाटलं, जिंकलो. रिंगण फिरायला लागलं. अर्ध्या फेरीतच गोंधळ. समोरून जाणारे बरोबर नाचताहेत, पाठीमागे गेलेले अडखळताहेत, एकीची टाळी दुसरीच्या कपाळावर. आयेने तर उभ्या उभ्याच ओरडायला सुरुवात केली. "आयो! पुढं हायत तवर गुरुजी, पाठी गेलं की मुके! आमी काय खुणेवर नाचायचं?" बंद पेटी होती ती, गुरुजी. सगळा आवाज एकाच तोंडाने, पुढच्या पुढे. सभेला, हॉलला उत्तम. आम्हांला हे कळायला हवं होतं, पण आवाज घ्यायचा म्हणून आम्ही फक्त जोर बघितला. रिंगण कुणी बघितलंच नव्हतं.

ड्रमवाला म्हणाला, पेटी काठावर नेऊ, तिकडून सगळ्यांवर मारू, गुरुजींनीही तिकडेच बसावं. तुम्ही माइक खाली ठेवलात. "गाणारा रिंगणाबाहेर बसला की ती झाकरी नाही रे. ते भाषण झालं." अध्यक्षांनी सुस्कारा टाकला, "मग रेकॉर्डीच बऱ्या, गुरुजी. त्रास नको." ते वाईट मनाने म्हणाले नाहीत, म्हणूनच जास्त लागलं. तुम्ही उठायला लागलात. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. तुम्ही उठून घरात गेलात की झाकरी संपली, हे अंगणातल्या प्रत्येकाला कळत होतं. मी म्हटलं, "गुरुजी, लहान एक राहिलाय." कशाच्या भरवशावर म्हटलं, माहीत नाही. निव्वळ तुम्ही उठू नये म्हणून.

त्याच जागी, मधोमध, तो लावला. नळ्या तापेपर्यंतची ती शांतता मला अजून ऐकू येते. मग तुम्ही तोंड उघडलंत आणि आधी कानठळ्या बसवणारी शीळ घुमली, बायका खिदळल्या. तुम्ही वैतागून पेटीच्या बगलेला सरकलात आणि शीळ एकदम थांबली. उघड्या पाठीची पेटी पुढून बोलते आणि मागूनही बोलते, बगलेला मात्र जवळजवळ गप्प असते. हे आज मी नातीला शहाण्यासारखं समजावतो, तेव्हा कुठे ठाऊक होतं! तुम्ही बगलेला बसलात, ढोलकीवाला दुसऱ्या बगलेला, आणि रिंगण निघालं. पुढून गेलं, वळलं, पाठीमागे गेलं. मी श्वास धरून आयेकडे बघतोय. ती त्या उघड्या पाठीसमोर आली, वाकली, उठली, बरोबर शब्दावर टाळी दिली आणि न थांबता ओरडली, "पाठी पन हायत! पाठी पन हायत गुरुजी!" अख्खं रिंगण ते ओरडत फिरलं. अध्यक्षांची हाताची घडी सुटली आणि टाळीला लागली. माझ्या छातीवरचं काहीतरी असं उतरलं की मी तिथेच चिखलात बसलो. मग गिटार जोडून तुमच्याबरोबर वाजवून पाहिली. दोघांचं ओझं त्या लहान पेटीला पेलेना, तुमचे शब्द माझ्या सुरांत कालवल्यासारखे जाड झाले. तुम्ही म्हणालात, "सणाला नीट जमव." मी मान हलवली.

सोमवारी मोठा परत गेला. ड्रमवाला बसमध्ये त्याला कुरवाळत बसला होता. "गेले हॉल," तो म्हणाला, "आता आपण लग्नांतच म्हातारे होणार." झालोही. पण त्या लहान पेटीने किती वर्षं काम केलं! सेगाला जोर केला की कडा भाजायच्या आणि माणसं चपला काढून नाचायची. वाल्ट्झला हळू केला की मध. रिव्हिएर दू रांपारच्या अंगणांतल्या लग्नांत तर लोक चहूबाजूंनी बसलेले, तिथे दोन्हीकडे बोलणारी पेटीच हवी होती. एकदाही मला वाटलं नाही की चुकलो. पटकन मन जडतं ते बहुतेक वेळा फसवतं, पण त्या वेळी नाही फसवलं. हा दिलासा मी आयुष्यभर खिशात घालून फिरलो आहे.

त्या वर्षी सणाच्या दुपारी, माझी गिटार त्याच पेटीला जोडलेली असताना, तुम्ही गायलात तसं पूर्वी कधी गायला नव्हतात. आधी तुम्ही शब्द फेकायचात. त्या दिवशी ते हळूच ठेवत होतात, एकेक करून, आणि ती जुनीपुराणी कडवी आम्हांला पहिल्यांदा अर्थासकट कळली. एका पोरीचा पाय अडला, तुम्ही ओळ पुन्हा घेतलीत, तिने पाऊल पकडलं, आणि तुम्ही तिच्याकडे बघून पुढे गेलात. कर्णा बैठकेच्या कोपऱ्यात तसाच पडला होता, कुणीतरी त्यात केळीची सालं टाकली होती. पुढे तुम्ही होतात तोवर दर गणपतीला असंच. आणि यंदाही रिंगण निघालं, गुरुजी. निम्म्या पोरांना मराठी धड बोलता येत नाही, पण पाय बोलतात. मधे कोण गात होतं ते विचाराल तर माझी नात. बगलेला बसून.

एवढंच लिहायचं होतं. पाठवायचं कुठे, ते मलाही कळतं, कागद गादीखाली जाईल. फक्त एक राहिलं. त्या पहिल्या सणाला सगळं आटोपल्यावर तुम्ही सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "आज तुझ्या गिटारला कविता कळली. शब्दाच्या आड एकदाही आली नाही." तुमची ती एकच शाबासकी मला मिळाली, आणि मी ती खाली मान घालून घेतली. गुरुजी, मी पहिल्याच कडव्याला गिटारच्या आवाजाचं बटण शून्यावर आणलं होतं. शेवटपर्यंत मी नुसती बोटं हलवत होतो.