मंगेशच्या घशाखाली उतरेल असा बर्गर

९ जानेवारी २०१८, मंगळवार. अमरावती.

आज पुन्हा मंगेशची अन्ननळी रुंद करून आणली. तोंडातून नळी घालते, पोरगा डोळे मिटून पडून राहते, मी बाहेर बाकड्यावर. डॉक्टर म्हनले, चांगलं चाललं, आता पातळ सोडून मऊ द्याले हरकत नाही. आतून भाजलं होतं ते भरता भरता आकसते, म्हनून असं येत राहावं लागन.

औषधानं भाजलं. औषधच म्हनते सारे. फवारणीचं. दिवाळीच्या आधी, वावरातल्या टिनाच्या खोलीत. मी पण औषधच लिहिलं. दुसरा शब्द हाताले येत नाही.

(यापुढं नुसतं मं. लिहीन. पूर्ण नाव लिहिलं की डोळे भरते.)

दवाखाना जवळ पडावा म्हनून इथं दोन खोल्या घेतल्या आहेत, मागं थोडं अंगण. अंगणवाडीतून मी सुट्टीवर. मं.चे बाबा, म्हणजे हे, त्या दिवसापासून पोराशी एक शब्द बोलले नाही. एका घरात राहते दोघं. 'त्याले म्हना गोळी घे.' 'त्याले विचार झोप लागली काय.' तो समोर बसून राहते आन मी मधात निरोप्या. डोकं उठते माझं.

१० जाने.

रव्याची खीर. भगर. गाळलेलं वरण. मं.नं वाटी सरकवून देली. मी चिडली. म्हनलं, मंग खाशील तरी काय, सांग बापा एकदाचं.

वाटीकडं पाहिलं त्यानं. मंग म्हनला, "बर्गर."

मले वाटलं थट्टा करून राहिला. थट्टा असती तरी मी देवापुढं साखर ठेवली असती. पण खरंच म्हनत होता. अकोल्याले शेतकी शिकाले होता तवा हॉस्टेलच्या बाहेर एक गाडी लागे म्हने. मटणाची टिक्की, मऊ पाव. "चावलं का रस बाहेर येत जाय माय." भिंतीकडं पाहत बसला.

इतक्या दिवसात त्यानं आपणहून काही मांगतलं नव्हतं. पाणी पण मी विचारल्यावर. करीनच मी, काही झालं तरी.

११ जाने., गुरुवार

डॉक्टरले फोन केला. हसले. म्हनले, चालेल, पण मऊ पायजे आन ओलं पायजे. कोरडा तुकडा अडकला तर धावपळ होईल. घास बारीक, चावून चावून.

आज गुरुवार, मटण आणाचा प्रश्नच नाही. आन दुसरी पंचाईत अशी की मटण करू कसं? मोझरीच्या आश्रमात जाऊन आले तवापासून यायनं मटण सोडलं, यायच्यासंग मी पण सोडलं. आन त्याच्या आधी खात होतो तवा तरी मी कुठं शिजवलं? आमच्याकडं मटण घरात शिजतच नाही. अंगणात, तीन दगडाच्या चुलीवर, वेगळ्या गंजात. शिजवणार बाप्ये. बायकांनी भाकरी थापून द्याच्या बस. यायच्या हातच्या रश्श्याचं गावात नाव होतं, लग्नाघरची माणसं बोलवाले येत. मी कच्च्या मटणाले आयुष्यात हात लावला नाही.

यायले म्हनलं, मं.ले मटण पायजे. खाली मान घालून म्हनले, "अंगणात कर. घरातलं भांडं लावू नको." उठून बाहेर गेले.

१२ जाने., शुक्रवार

काय लिहू.

खाटकानं विचारलं, चरबी राहू देऊ काय ताई. म्हनलं, सारी काढ, आजारी माणसासाठी आहे. खिमा घरी आणला. आपण तांदूळ धुतो, भाजी धुतो, हे तर मटण! चाळणीत घातला, हळद लावली, पाणी निवळ येईपर्यंत धुतला. लाल खिमा पांढरा पडला. मले वाटलं, छान, स्वच्छ झाला. आलं-लसूण, मिरची, सांबाराची हिरवी जुडी बारीक चिरून. कणकीसारखा मळला. टिक्की काही धरेना, तर भाकरीवानी थापून थापून पातळ केली आन तव्यावर उलथण्यानं दाबून भाजली. कच्चं राहू नये म्हनून दोन्हीकडून काळी.

मं.नं घास घेतला. चावला बराच. गिळला आन तिथंच अडकला.

उठला, भिंत धरून वाकला. बोलता येईना. डोळ्यातून, नाकातून पाणी. मी पाठ चोळून राहिली, देवाचं नाव घेऊन राहिली. हे दारात येऊन उभे. एक पाऊल पुढं टाकलं आन थांबले. हात उचललेला तसाच. शेवटी घास वर आला. मं. खाली बसला, घामानं ओला, म्हनला, "जाऊ दे माय."

आन माझ्या तोंडून निघून गेलं: "जाऊ दे काय, जाऊ दे! तुले सारंच जाऊ देता येते!"

बोलून बसली. तो माझ्याकडं पाहत राहिला. हे पण.

टिक्क्या कुत्र्याले टाकल्या. त्यानं पण एक खाल्ली आन निघून गेलं.

१४ जाने., रविवार

संक्रांत. तीळगूळ मं.ले कुटून दुधात कालवून देला. गोड बोला म्हनाची हिंमत झाली नाही.

त्याचा राग येते मले. लिहूनच टाकते. त्याच्या बाजूले बसते, त्याच्या केसातून हात फिरवते, आन आतून राग येते. आमाले टाकून चालला होतास. तुया मनात आमी आलोच नाही काय? असं वाटते आन मग स्वतःचीच लाज वाटते. काहून केलं, हे अजून कोणी विचारलं नाही त्याले. यायनं नाही, मी नाही. पाव्हणे येते, बोंडअळीवर बोलते, कापसाच्या भावावर बोलते, चहा पिऊन जाते.

शेजारची शमीमभाभी तीळगूळ घ्याले आली. तिचा नवरा शिवणकाम करते, दिवसभर मशीनचा आवाज येते भिंतीतून. मं.चं मी तिले कधी सांगतलं नव्हतं, पण तिले माहीत होतं. शुक्रवारचं सांगतलं.

"कीमा धुतला? या अल्ला!" हसाले लागली. माझं तोंड पाहून थांबली. म्हनली, "ताई, गोश्त अक्खं धुवाचं, निथळू द्याचं, मंग कुटून घ्याचं. कीमा धुवाचा नसते, सारा जीव पाण्यात जाते त्याचा. आन चरबी कायले काढली? रस तिचाच राहते ना."

मी म्हनलं, मले कोण सांगणार होतं. म्हनली, "अवं, मले विचाराचं ना. भिंत तर एकच आहे."

१७ जाने., बुधवार

खिमा भाभीनंच आणला, चरबीसंग. चूल माझी, हात तिचा. फुटाण्याचं पीठ घातलं, तिच्या घरी शामी कबाबले घालते तसं. टिक्क्या छान धरल्या. मऊ. मं.ले चिमटीभर घास देला. मी पाण्याचा गिलास धरून समोर उभी. उतरला. दुसरा उतरला.

"मस्त झाला भाभी," मं. म्हनला. "पण कबाब आहे हा. बर्गर नोहे."

भाभी म्हनली, "लो! बोलाले लागला ना पोट्टा!" पण मी पावासंग द्याले गेली तर घास जड गेला. पिठानं रस पिऊन टाकला होता. पाण्याच्या घोटासंग ढकलला त्यानं. बाकीचं ठेवून देलं.

दुपारभर भिंतीकडं तोंड करून पडून होता. मी दाराशी तांदूळ निवडत बसली. निवडलेलेच पुन्हा निवडले. त्याले एकटं सोडून बाजारात जात नाही मी अजून. तो हे जाणते. कधी कधी मुद्दाम खोकून दाखवते, म्हणजे मी उठून पाहाले येऊ नये.

२१ जाने., रविवार

आज सकाळी एकटीनंच चूल पेटवली. अक्खं मटण धुवून, निथळून, खिमा करून आणला होता. पीठ नाही घातलं. टिक्की तव्यावर टाकली आन सवयीनं उलथण्यानं दाबली. चर्र झालं.

मागून आवाज आला. "दाबू नको. रस चालला सारा."

हे दारात उभे. किती वेळचे होते कोणाले माहीत. मी उलथणं तसंच धरून. ते आले, हात धुतले, बाह्या सारल्या, पाट ओढून चुलीपाशी बसले. किती वर्षांनी. मी म्हनलं, अहो, तुमचं व्रत? म्हनले, "खाऊन थोडाच राहिलो. सरक."

उरलेला खिमा घेतला. मळला नाही, नुसता गोळा केला, हलक्या हातानं. जाड टिक्की. तवा कडक तापू देला, चरबीचा तुकडा फिरवला, मंग टिक्की टाकली आन हात मागं घेतला. मी उलथाले गेली तर हातावर चापट. "घाई कायची?" एकदाच उलथवली. उतरवून ताटाखाली झाकली. म्हनले, "दम खाऊ दे तिले." तेवढ्यात पाव मधातून कापून तव्यावरच्या रसात पालथे घातले, पिऊन मऊ होईपर्यंत. बर्गर यायनं जन्मात पाहिला नाही. पण मटण यायले समजते.

मंग अडलं. मीठ बरोबर आहे काय, सांगणार कोण? मी खात नाही, ते खात नाही. मी म्हनलं, भाभीले हाक मारते. म्हनले, "राहू दे." ताटली उचलली आन स्वतः आत गेले.

मं. खाटेवर बसला होता. हे त्याच्यासमोर जाऊन उभे. ताटलीत पाव हलत होता.

"मीठ पाह्य बरं."

त्या दिवसापासूनचा पहिला शब्द.

मं.नं वर पाहिलं. ताटली घेतली. लहानसा घास. चावत राहिला, चावत राहिला. मी त्याच्या गळ्याकडं पाहून राहिली. उतरला. पाणी न घेता. दुसरा घेतला. तो पण.

"कमी आहे बाबा," म्हनला. "मीठ थोडं कमी आहे."

हे म्हनले, "बुधवारी जास्त टाकतो." आन अंगणात येऊन चुलीपाशी बसले, पाठ आमच्याकडं. खांदे हलत होते. मी पण रडली. लपवलं नाही. अर्ध्याच्या वर खाल्ला आज त्यानं.

२४ जाने., बुधवार

मीठ बरोबर. एक पूर्ण खाल्ला. एक वाटी वरणासाठी मी ज्याच्या मागं मागं फिरत होती, त्यानं बोटं चाटली. भाभीनं पण चाखला, म्हनली, "हे तर आमच्या घरी पण असं जमत नाई, भाऊजी." हे लाजले. या वयात!

दोघं बोलते आता. मोठं काही नाही. तुरीच्या शेंगा भरल्या काय, डुकरं शिरतेत काय, हरभऱ्याले कोण पाहते. मी आतून ऐकत राहते, जसं काही रेडिओवर माझ्याच घरचं लागलं आहे. बोंडअळीचं नाव दोघं काढत नाही.

संध्याकाळी मं. म्हनला, "बाबा, वावरात जाऊन येऊ काय?"

भाजी चिरताना माझा हात थांबला. यायनं माझ्याकडं पाहिलं. मंग म्हनले, "चाल. रविवारी जाऊ. सकाळच्या एसटीनं."

तो झोपल्यावर मी भांडली यांच्याशी, हळू आवाजात. म्हनलं, त्या जागी नेता पोराले? ती टिनाची खोली दिसल तिथं! म्हनले, "खोली नाही आता." मी पाहतच राहिली. "पाडली मी. तो दवाखान्यात होता तवाच. एकट्यानंच पाडली." मले कधी सांगतलं नव्हतं. मले वाटे, हे वावराकडं फिरकलेच नाही. मले वाटे, यायच्या मनात नुसता राग आहे.

"त्याच्याशी काहून बोलले नाही मंग?" म्हनलं.

"काय बोलू? तोंड उघडलं का मीच रडीन असं वाटे. बापानं पोरापुढं..."

२८ जाने., रविवार

गेले दोघं. सकाळी.

मं. चप्पल घालत होता तवा मी त्याच्यापुढं जाऊन बसली. आज विचाराचंच ठरवलं होतं. म्हनलं, मंगेश, तू काहून केलं ते आज नाही सांगितलं तरी चालते. पण शपथ घे, पुन्हा नाही करणार. माझ्या डोक्यावर हात ठेवून घे.

तो हात तसाच मांडीवर ठेवून बसला.

"खोटी शपथ घेऊ काय माय?"

हे दारात उभे होते, पिशवी घेऊन. त्यायनं पण ऐकलं.

"मले पुढचं सांगता येत नाही," म्हनला. "सकाळी उठलो का त्या दिवसाचं कळते, बस. आजचं सांगू शकतो. आज नाई." दुसरी चप्पल घातली आन म्हनला, "खरं सांगून राहिलो."

मले ओरडावं वाटलं, दाराले कडी लावावी वाटली. याचा चेहरा पाहिला. इतके दिवस हा 'बरा आहे, बरा आहे' म्हनत होता मले, आन मी एकदाही विश्वास ठेवला नव्हता. आज ठेवला. म्हनलं, ठीक आहे, आजचं झालं. उद्या सकाळी उद्याचं विचारीन. रोज विचारीन, कंटाळलास तरी विचारीन.

"विचार," म्हनला. उठला.

हे पुढं, तो मागं. वळणावर हे थांबले, त्याले बरोबर येऊ देलं, मग दोघं संगच वळले.

आता दुपार. फोन हातात घेते, ठेवून देते. पोहोचल्याचा आला होता एकदा, यायचा. मागून मं. काही तरी बोलत होता, शब्द समजले नाही, आवाज चांगला होता. निदान मले तसा वाटला. झाडून काढलं, पुसून काढलं, घर खाली खाली वाटून राहिलं.

आत्ता शमीमभाभीनं अंगणाच्या भिंतीवरून विचारलं, "ताई, संध्याकाळी येऊन राहिले ना दोघं? कीमा सांगू काय?"

मी फोनकडं पाहिलं. ती उभीच राहिली, पुन्हा विचारलं नाही तिनं.

मंग म्हनलं, सांग.